काचपट्टीवर न दिसलेला जंतू

कुत्रा जेवत नाही, अंग गरम लागतंय, कोपऱ्यात पडून राहतोय. पुण्या-मुंबईत एवढी लक्षणं सांगितली की सोसायटीत कुत्रा पाळणारं कुणीही, पशुवैद्याच्या आधीच, निदान सांगून मोकळं होतं : ‘टिक फीवर असेल.’ आणि बऱ्याचदा ते बरोबरही निघतं. मग दवाखान्यात रक्त काढलं जातं, प्लेटलेट्स मोजल्या जातात आणि प्लास्टिकच्या छोट्या किटवर रक्ताचे एक-दोन थेंब टाकून सगळे वाट बघत बसतात. एक रेघ आली तर निगेटिव्ह. दोन आल्या तर पॉझिटिव्ह. करोनानंतर असल्या रेघा वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही.

ती दुसरी रेघ नेमकं काय सांगते? ‘कुत्र्याच्या अंगात जंतू आहे’ असं आपण धरून चालतो. ती तसं सांगत नाही. ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे कळण्यासाठी साधारण नव्वद वर्षं मागे जावं लागतं. या रोगाचा इतिहास म्हणजे एका जंतूला बघायला माणसाने कोणकोणते डोळे वापरले आणि त्या प्रत्येक डोळ्याला काय दिसलं नाही, याची गोष्ट आहे. त्या न दिसण्याची किंमत शेकडो कुत्र्यांनी जीव देऊन मोजली.

अल्जीयर्स, १९३५

‘टिक फीवर’ हे तसं गोणपाटासारखं नाव आहे. गोचीड चावून होणारे बरेच रोग त्यात कोंबलेले असतात. काही परजीवींमुळे होतात, काही जिवाणूंमुळे. त्यातला जिवाणूंमुळे होणारा मुख्य रोग म्हणजे एर्लिकिओसिस, आणि तो करणाऱ्या जंतूचं नाव एर्लिकिया कॅनिस.

गोचीड रोग पसरवते हे तोवर नवीन राहिलं नव्हतं. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबॉर्न यांनी १८९३मध्येच गुरांच्या ‘टेक्सास फीवर’च्या बाबतीत ते दाखवून दिलं होतं. फ्रेंच अमलाखालच्या अल्जीरियात, अल्जीयर्सच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दोनातिएँ आणि लेस्तोकार हे दोन संशोधक जनावरांच्या रोगांवर काम करत होते. गोचिडी लागलेल्या काही आजारी कुत्र्यांचं रक्त त्यांनी तपासलं. एक थेंब काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, ही तेव्हाची पद्धत. आजही ती तशीच चालते.

त्यांना पांढऱ्या पेशींच्या आत जांभळट ठिपक्यांचे बारीक पुंजके दिसले. पुढे या पुंजक्याला ‘मोरुला’ म्हणू लागले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी तुती. महाबळेश्वरला द्रोणात मिळते ती तुती डोळ्यांसमोर आणा, बारीक मणी एकमेकांना चिकटलेले. तो प्रत्येक मणी म्हणजे एक जंतू. १९३५मध्ये दोघांनी फ्रेंच भाषेत छोटंसं टिपण छापून नवा जंतू जाहीर केला. नाव ठेवलं रिकेट्सिया कॅनिस.

दहा वर्षांनी, १९४५मध्ये, मोश्कोव्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञाने त्याला वेगळ्या कुळात टाकलं आणि कुळाला जर्मन वैद्यक-संशोधक पाउल एर्लिक यांचं नाव मिळालं. एर्लिक १९१५मध्येच वारले होते. या कुत्र्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण रक्तपेशींवर रंग चढवून त्या वेगवेगळ्या ओळखण्याची कला घडवणाऱ्यांत त्यांचं नाव फार वरचं, आणि हा जंतू रंगामुळेच दिसला होता. त्यामुळे नाव अगदीच अनाठायी नाही.

एव्हाना भारतातही त्याची नोंद झाली होती. १९४४मध्ये मुदलियार यांनी दक्षिण भारतातल्या कुत्र्यांमध्ये हा जंतू आढळल्याचं लिहिलं. भारतातली ही पहिली नोंद मद्रासची मानतात. म्हणजे पहिल्या दहा वर्षांतच उत्तर आफ्रिका आणि दक्षिण भारत, अशा दोन अगदी वेगळ्या ठिकाणी तो सापडला होता. १९६३मध्ये अमेरिकेतूनही, ओक्लाहोमामधून, त्याची बातमी आली. जंतू माहीत होता, नाव होतं, चित्रं होती. तरी पुढे जे झालं ते झालंच.

‘कारण अज्ञात’

१९६०च्या दशकात सिंगापूरमधले ब्रिटिश लष्कराचे कुत्रे एका विचित्र आजाराने मरू लागले. १९६७मध्ये त्याबद्दल ब्रिटनच्या पशुवैद्यकीय नियतकालिकात लिहून आलं ते ‘कुत्र्यांचा एक नवा रोग’ म्हणून. माग काढणाऱ्या कुत्र्यांना होतो म्हणून त्याला ‘ट्रॅकर डॉग डिसीज’ असंही म्हणायचे.

मग तो व्हिएतनाममध्ये दिसला. अमेरिकेने त्या युद्धात सुमारे ४,००० कुत्रे वापरले असावेत असा अंदाज आहे. तळांवर पहारा देणारे, जंगलात तुकडीच्या पुढे चालून दबा धरलेल्या शत्रूची चाहूल देणारे, माग काढणारे, सुरुंग हुंगणारे. बहुतेक जर्मन शेफर्ड, काही लॅब्रडॉर. प्रत्येक कुत्र्यामागे एक हँडलर, विशी-बाविशीतला. रात्री पुढे कुत्रा आणि मागे आपण, अशा नात्यात त्याचा जीव त्या जनावराच्या नाकावर टांगलेला असायचा.

१९६८ ते १९७० या काळात याच नाकातून रक्त येऊ लागलं. धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या नाकपुडीतून रक्ताची धार लागायची आणि थांबायची नाही. हिरड्या पांढऱ्याफटक, पोटावर कातडीखाली रक्ताचे डाग, वजन उतरलेलं. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी कमी, पांढऱ्या कमी, प्लेटलेट्सही कमी. शेकड्याने कुत्रे दगावले. आधी आजाराला नाव मिळालं ‘इडियोपॅथिक हेमोरेजिक सिंड्रोम’. इडियोपॅथिक हा शब्द भारदस्त वाटतो. साध्या मराठीत त्याचा अर्थ ‘का होतंय ते ठाऊक नाही’.

पुढे त्याला ‘ट्रॉपिकल कॅनाइन पॅनसायटोपेनिया’ म्हणू लागले. म्हणजे उष्ण प्रदेशातल्या कुत्र्यांमध्ये सगळ्या प्रकारच्या रक्तपेशी घटण्याचा आजार. यातही कारण नाहीच, फक्त जे दिसतंय त्याचं वर्णन. आमच्या धंद्यात याला चांगली उपमा आहे. ‘ॲप क्रॅश होतं’ या नावाने बग नोंदवला की नोंद होते, उलगडा होत नाही.

इथे प्रश्न पडतो. जंतू तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच सापडलेला असताना तो कुणाला ओळखू का आला नाही? वैद्य ढिले होते म्हणून नाही. वॉशिंग्टनमधल्या वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेचे चांगले पशुवैद्य या कामाला जुंपलेले होते. अडचण रोगाच्या चालीत होती.

तीन अंकी आजार

गोचीड चावल्यावर आठ ते वीस दिवसांत पहिला अंक सुरू होतो. ताप, मरगळ, लिम्फच्या गाठी सुजणं, प्लेटलेट्स उतरणं. हा अंक दोन ते चार आठवडे चालतो. याच काळात पांढऱ्या पेशींत ती ‘तुती’ दिसण्याची काही शक्यता असते. काहीच. आजारी कुत्र्यांच्या साध्या रक्तपट्टीत ती साधारण १००पैकी ४ जणांतच सापडते, असं एका बहुचर्चित पाहणीत आढळलं होतं.

मग बऱ्याच कुत्र्यांचा ताप आपोआप उतरतो. कुत्रा खातो, खेळतो, कामावर जातो. मालकाला वाटतं, बरा झाला. काही खरंच बरे होतात, जंतू संपतो. काहींमध्ये तो शरीरात दडून बसतो, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं. हा दुसरा अंक.

तिसरा अंक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ज्यांच्या वाट्याला येतो त्यांची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्तपेशींचा कारखाना, बंद पडत जाते. प्लेटलेट्स नाहीत म्हणून रक्त गोठत नाही आणि नाकातून धार लागते. तोवर मूळ गोचीड चावून इतका काळ गेलेला असतो की तिची आठवणही कुणाला नसते. आणि रक्ताच्या थेंबात जंतू जवळजवळ सापडत नाही.

म्हणजे जनावर जेव्हा सगळ्यात जास्त आजारी असतं, तेव्हा सूक्ष्मदर्शकाला सगळ्यात कमी दिसतं. नाकातून रक्त वाहणारा जर्मन शेफर्ड आणि अल्जीयर्समधला तापाने फणफणलेला कुत्रा हे एकाच आजाराचे दोन अंक आहेत, हे काचपट्टीवरून कळायला मार्गच नव्हता. त्यात जर्मन शेफर्डला हा रोग जास्त जोरात होतो. १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बीगल आणि जर्मन शेफर्ड यांना एकाच जंतूची लागण केली, तेव्हा शेफर्डची पेशींमार्फत होणारी प्रतिकारशक्ती कमी पडताना दिसली. लष्कराची आवडती जात नेमकी तीच होती.

उलगडा करण्यासाठी उलट्या बाजूने जावं लागलं. आजारी कुत्र्याचं रक्त निरोगी कुत्र्याला टोचायचं आणि पहिल्या दिवसापासून रोज तपासत राहायचं. असं केल्यावर सुरुवातीच्या ज्वरात तो पुंजका दिसला, आणि पुढे त्याच कुत्र्यांत पेशी घटताना दिसल्या. मधला धागा सापडला. या प्रयोगांत कुत्रे मुद्दाम आजारी पाडले गेले, हे वाचताना आपल्याला टोचतं आणि ते टोचायलाच हवं. १९६९मध्ये डेव्हिड हक्सॉल आणि सहकाऱ्यांनी निबंध छापला, तेव्हा एर्लिकिया कॅनिस हेच या रक्तस्रावी आजाराचं कारण असावं, एवढंच म्हटलं आणि शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठेवलं. मला ते प्रश्नचिन्ह फार आवडतं. कुत्रे रोज मरत असताना, वरून उत्तराची घाई होत असणार तेव्हा, त्यांनी जेवढं ठाऊक होतं तेवढंच सांगितलं.

हिरवी चमक

प्रश्नचिन्ह काढायला जंतू हातात यायला हवा होता. पण एर्लिकिया जिवंत पेशीच्या आतच वाढतो. प्रयोगशाळेतल्या बशीत इतर जिवाणू वाढवतात तसा तो वाढत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मिओद्राग रिस्टिच यांच्या प्रयोगशाळेत केनियाचे न्यिंडो आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्याच पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत जगवल्या आणि त्यांत हा जंतू वाढवून दाखवला. साल १९७१.

आता जंतूने भरलेल्या पेशी हव्या तेवढ्या मिळू लागल्या, आणि त्यातून १९७२मध्ये नवी चाचणी उभी राहिली. विचार साधा होता. जंतू दिसत नसेल तर त्याला शरीराने दिलेलं उत्तर शोधा. लागण झाली की शरीर त्या जंतूविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि त्या रक्तात फिरत राहतात. म्हणून जंतूने भरलेल्या पेशी काचपट्टीवर बसवायच्या, वर तपासायच्या कुत्र्याच्या रक्तातला पातळ द्रव घालायचा. त्यात अँटीबॉडी असतील तर त्या जंतूला चिकटतील. मग त्या अँटीबॉडीला चिकटणारा, चमकणारा रंग लावलेला दुसरा पदार्थ घालायचा आणि खास दिव्याखाली बघायचं. हिरवी चमक दिसली की या कुत्र्याची या जंतूशी गाठ पडलेली आहे. या चाचणीला आयएफए म्हणतात.

हा मोठा पल्ला होता. ज्या तिसऱ्या अंकात काचपट्टी कोरी राहायची, तिथे हिरवी चमक ठळक यायची. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकने उपचार होतो, हेही याच वर्षांतल्या कामातून पक्कं झालं. आज वापरतात ते डॉक्सिसायक्लिन त्याच घराण्यातलं. तपकिरी कुत्रागोचीड, शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, हाच जंतू एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे नेते, हे १९७५मध्ये प्रयोगांनी सिद्ध झालं. ही गोचीड आयुष्यात तीन वेळा पोटभर रक्त पिते आणि दर वेळी खाली उतरून भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात शिरते. पिल्लू असताना घेतलेला जंतू मोठेपणी नव्या कुत्र्याला देते. पण आपल्या अंड्यांना देत नाही. म्हणजे दर पिढीला जंतू नव्याने एखाद्या आजारी कुत्र्याकडूनच घ्यावा लागतो. कुत्र्यांची राहुटी आणि तिच्या भेगा, एवढ्यावर या रोगाचं सगळं चक्र चालू शकतं.

व्हिएतनाममधल्या कुत्र्यांना मात्र या सगळ्याचा फारसा उपयोग झाला नाही. सुमारे ४,०००पैकी जेमतेम २०० मायदेशी परतले असं सांगितलं जातं. लष्कराच्या हिशेबात कुत्रा हे साहित्य होतं. तंबू आणि जनरेटर मागे सोडतात, तसे कुत्रेही सोडायचे. शिवाय ते रोग घेऊन येतील, ही भीती होतीच. काही दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याला दिले गेले, बरेच मारले गेले. आपापल्या कुत्र्याचा निरोप घेतलेले हँडलर म्हातारे होईपर्यंत ते विसरू शकले नाहीत. त्यांच्यातल्या अनेकांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. शेवटी २०००च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि निवृत्त लष्करी कुत्रे दत्तक देण्याची वाट खुली झाली.

माणसाच्या रक्तात कुत्र्याचा पुरावा

१९८६मध्ये अर्कान्सात गोचिडी चावल्यानंतर एक माणूस गंभीर आजारी पडला. डॉक्टरांना गोचिडीमुळे होणाऱ्या दुसऱ्याच एका तापाची शंका होती, पण चाचण्या जुळेनात. त्याच्या पांढऱ्या पेशींत पुंजके दिसले. मग त्याच्या रक्ताची गाठ कुत्र्यांच्या एर्लिकियाशी घालून बघितली, आणि ती जुळली! १९८७मध्ये ही घटना छापून आली, तेव्हा माणसाला कुत्र्याच्या एर्लिकियाची लागण झाली असाच निष्कर्ष होता.

तो अर्धाच बरोबर ठरला. पुढे आर्मीच्या फोर्ट चॅफी या अर्कान्सामधल्या तळाशी संबंधित एका रुग्णाच्या रक्तातून जंतू वेगळा काढला, त्याची जनुकं वाचली, तर तो एर्लिकिया कॅनिसचा चुलतभाऊ निघाला. १९९१मध्ये त्याचं नाव ठेवलं एर्लिकिया चॅफीन्सिस. चुलतभाऊ इतके सारखे, की एकाविरुद्ध बनलेल्या अँटीबॉडी दुसऱ्यालाही चिकटतात. कुत्र्यांसाठी बनवलेल्या चाचणीने माणसाचा एक अख्खा आजार उजेडात आणला, आणि त्याच वेळी आपली मर्यादाही दाखवली. अँटीबॉडी आडनाव सांगते, नाव नाही.

(कुत्रा पाळणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. एर्लिकिया कॅनिसची माणसाला लागण विरळा आहे आणि कुत्र्याला कुरवाळून ती होत नाही. गोचीड मात्र नुसत्या बोटांनी चिरडू नये. चिमट्याने, कातडीजवळ धरून, सरळ ओढून काढावी.)

चौतीस महिन्यांनंतर

तिसरा डोळा म्हणजे पीसीआर. जंतूच्या डीएनएचा छोटा तुकडा असला, तरी त्याच्या लाखो प्रती काढून तो ओळखायचा. १९९०च्या दशकात ही पद्धत एर्लिकियाला लागू झाली. आता जंतू स्वतः आहे का, याचं उत्तर मिळू लागलं. नुसत्या आठवणीवर भागवायची गरज उरली नाही.

१९९८मध्ये इस्रायलमध्ये शिमोन हॅरस आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. सहा कुत्रे, लागण झाल्याला ३४ महिने झालेले, बाहेरून पूर्ण निरोगी. त्यातल्या चार कुत्र्यांमध्ये जंतूचा डीएनए सापडला. आणि शोधण्याची सगळ्यात खात्रीची जागा ठरली प्लीहा, म्हणजे पोटातली पानथरी. शिरेतल्या रक्तापेक्षा तिथे तो जास्त भरवशाने मिळाला.

याचा अर्थ सरळ आहे. रक्तावरची पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून कुत्रा जंतूमुक्त झाला, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तुम्ही दिवाणखान्यात शोधलंत. तो माळ्यावर असू शकतो.

मुंबईत किती?

आता आपल्याकडे येऊ. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख या चार ठिकाणच्या एकूण ५२५ कुत्र्यांचं रक्त पीसीआरने तपासलं. २०.६ टक्के कुत्र्यांत एर्लिकिया कॅनिस सापडला. ५३ टक्क्यांच्या अंगावर गोचिडी होत्या.

साधारण पाचातला एक. हा आकडा वाचून पहिला प्रश्न ‘बाप रे, इतके?’ असा येतो. दुसरा यायला हवा : ‘कुठल्या डोळ्याने बघून?’ हेच कुत्रे फक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असते तर आकडा खूप खाली गेला असता. फक्त अँटीबॉडी मोजल्या असत्या तर त्यात जुनी लागण होऊन बरे झालेलेही आले असते. तीन पद्धती, तीन आकडे. तिन्ही खोटे नाहीत. एक विचारतो, ‘आज रक्तात जंतू डोळ्यांना दिसतो का?’ दुसरा विचारतो, ‘रक्तात जंतूचा अंश आहे का?’ तिसरा विचारतो, ‘याची आणि जंतूची कधी भेट झाली होती का?’

शिवाय कुठले कुत्रे तपासले हेही बघावं लागतं. दवाखान्यात ताप घेऊन आलेले शंभर आणि गल्लीत झोपलेले शंभर यांचे टक्के शेजारी मांडून तुलना करायची नसते. एखाद्या शहरात टक्का वाढल्याची बातमी आली, तर रोग वाढला असेल, किंवा फक्त चाचणी बदलली असेल.

सीमेवरची चाचणी

ऑस्ट्रेलिया हा देश अनेक वर्षं या रोगापासून मुक्त मानला जायचा. तपकिरी गोचीड तिथे होतीच, फक्त जंतू नव्हता. म्हणून बाहेरून येणाऱ्या कुत्र्याकडे एर्लिकियाच्या अँटीबॉडी नसल्याचा दाखला मागितला जातो, आणि त्यासाठीची चाचणी म्हणजे १९७२ची तीच हिरवी चमक. मेलबर्न किंवा सिडनीला नोकरी लागलेल्या मराठी मुलामुलींना हे चांगलंच माहीत असतं. भारतातून कुत्रा थेट नेता येत नाही. आधी एखाद्या मान्यताप्राप्त देशात न्यावा लागतो, तिथून पुढे चाचण्या. दोन वर्षांपूर्वी टिक फीवर होऊन ठणठणीत बरा झालेला कुत्रा या चाचणीत अडकू शकतो. त्याच्या रक्ताला जुनी भेट आठवत असते.

एवढा बंदोबस्त असूनही २०२०च्या मे महिन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या कुत्र्यांत एर्लिकिया कॅनिस सापडला. मग नॉर्दर्न टेरिटरीतही सापडला आणि पसरत गेला. सगळ्यात जास्त झळ लागली ती दूरदूरच्या आदिवासी वस्त्यांतल्या कुत्र्यांना, जिथे पशुवैद्य क्वचित पोचतो. गोचीड होती, कुत्रे होते. कधीतरी एक लागण झालेला कुत्रा येण्याची तेवढी खोटी होती. अगदी चोख चाचणीसुद्धा तिच्यासमोर आणलेल्या कुत्र्यालाच तपासू शकते.

दुसरी रेघ

आता पुन्हा त्या किटकडे. आपल्या दवाखान्यातली बहुतेक झटपट किट्स अँटीबॉडी शोधतात. म्हणजे ती रिस्टिच यांच्या हिरव्या चमकेची नातवंडं. दुसरी रेघ म्हणते : ‘या कुत्र्याची या जंतूशी, किंवा त्याच्या एखाद्या चुलतभावाशी, भेट झालेली आहे.’ आत्ता, की गेल्या पावसाळ्यात, की मागच्या मालकाकडे, हे ती सांगत नाही. उपचार यशस्वी झाल्यावरही ती महिनोन्महिने उमटू शकते. म्हणून औषध संपल्यावर पुन्हा किट करून ‘अजून पॉझिटिव्हच’ म्हणत घाबरण्यात अर्थ नाही. आणि उलट, गोचीड चावून दहा-बारा दिवसांत ताप आलेल्या कुत्र्याच्या शरीराने अजून पुरेशा अँटीबॉडी बनवलेल्याच नसतात. तिथे एक रेघ येते आणि आजार मात्र खरा असतो.

म्हणून चांगला पशुवैद्य नुसत्या रेघेवर थांबत नाही. तो प्लेटलेट्स बघतो, हिरड्या उलटून बघतो, पोट चाचपतो, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधतो, गरज पडली तर पीसीआरला पाठवतो. औषध सुरू केलं तर साधारण २८ दिवसांचा कोर्स पूर्ण करायला सांगतो, कारण ताप तीन-चार दिवसांतच उतरतो आणि मालकाला वाटतं, झालं. पहिल्या अंकाचा पडदा पडला की प्रेक्षक घरी जायला निघतात, तसं ते असतं.

तुमच्या कुत्र्याचा रिपोर्ट हातात आला, तर ‘पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?’ याच्या आधी दोन गोष्टी विचारा. ही चाचणी जंतू शोधते की अँटीबॉडी? आणि प्लेटलेट्स गेल्या वेळेपेक्षा किती? मग घरी जाऊन कुत्र्याच्या अंथरुणाजवळच्या भिंतीची खालची भेग टॉर्च लावून बघा. कुठल्याही किटला न दिसणारी गोष्ट तिथे असते.